पहिल्या स्लिपमधले ओले इंधन

सदाशिवराव पेंढरकरांनी सतरा वर्षांत तीनशे बारा क्रिकेट सामने लिहिले आणि त्यांतला एकही पाहिला नाही. कलकत्त्यात एस्प्लनेडच्या एका सरकारी सांख्यिकी कचेरीत ते गणक होते, आणि रविवारी त्याच कचेरीच्या संघाचे स्कोअरर. मैदानावरच्या तंबूत त्यांचे मेज मांडलेले असे. चेंडू पडला की त्यांची दृष्टी पंचाच्या हाताकडे जाई आणि तिथून थेट वहीत उतरे. मधल्या विश्वात काय घडले याची चौकशी करणे हे त्यांच्या मते स्कोअररचे काम नव्हते.

ते राहत बागबाजारात. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मराठी घोडेस्वारांच्या भयाने इंग्रजांनी खणलेला खंदक तिथूनच सुरू होत असे. खंदक कधीच बुजला होता, पण शेजारच्या बंगाली मंडळींची थट्टा बुजली नव्हती. हा लुटायचे सोडून मोजत बसणारा पहिलाच बर्गी, म्हणजे मराठी लुटारू, असे ते सदाशिवरावांविषयी म्हणत. सदाशिवरावांना हा गौरवच वाटे. त्यांचे वडील पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवीत. घरात पैसा नव्हता, प्रमाणे मात्र विपुल होती, आणि मुलाने वारसा म्हणून तीच घेतली.

बहात्तर सालच्या डिसेंबरात गुरुदत्त त्यांच्याकडे आला तो हातात एक क्रीडासाप्ताहिक घेऊन. हा पंचविशीतला मध्यमगती गोलंदाज. बँकेतल्या वडिलांची बदली लखनौला झाली, पण सदाशिवरावांच्या कचेरीने त्याला खेळासाठी तात्पुरत्या जागेवर घेतले, म्हणून तो कलकत्त्यातच राहिला. फेब्रुवारीच्या आंतरकचेरी स्पर्धेसाठी निवडला गेला तर एकतीस मार्चनंतर तो कायम होणार होता, नाही तर ती जागाच बरखास्त होणार होती. रविवारचे जेवण तो पेंढरकरांकडे घेई.

"काका, माझा खांदा गेला म्हणे," तो पाटावर बसता बसता म्हणाला.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, इथेच आहे. पण छापून आलंय."

सदाशिवरावांनी चष्मा लावून लेख वाचला. गुरुदत्तने दोन मोसमांत सुमारे दोन हजार चेंडू टाकले, आठ षटकांनंतर त्याच्या एका बळीची किंमत चौदा धावांवरून एकतीसवर जाते, सबब त्याचा खांदा झिजला आहे, आणि इतका राबवलेला कोणताही गोलंदाज पुन्हा उभा राहत नाही, याला वैद्यकाचाही आधार आहे, असा तो लेख होता.

चौदा आणि एकतीस हे आकडे पाहून सदाशिवरावांचा घास हातातच राहिला. ते त्यांचेच आकडे होते. दसऱ्याच्या संमेलनात त्यांनीच ते कौतुकाने या लेखाच्या लेखकाला, श्यामकांतला, उतरवून दिले होते.

"आता जेवा," त्यांची पत्नी हेमाताई म्हणाल्या. "आकडे गार होत नाहीत, आमटी होते."

श्यामकांत कलकत्त्यातच जन्मलेला, कॉलेजात इतिहास शिकवणारा तरुण. पूर्वी महिन्याला एक लेख लिही, आणि त्यातला प्रत्येक आकडा सदाशिवरावांच्या वहीशी ताडून पाही. एकदा एका लेग-बायसाठी तो भर उन्हात बागबाजारापर्यंत चालत आला होता. मग नाव झाले. आता तो आठवड्याला तीन लेख लिही आणि कुठेही चालत जात नसे.

दुसऱ्या दिवशी सदाशिवरावांनी त्याला कॉलेजच्या दाराशीच गाठले.

"श्यामकांत, माझ्या वहीत चौदाशे बारा चेंडू आहेत. त्यांचे दोन हजार कसे झाले?"

"'सुमारे' लिहिलंय ना, काका. वाचक लोकांना गोल आकडा आवडतो."

"पाचशे अठ्ठ्याऐंशी चेंडू तू गोलाईसाठी टाकलेस. त्यांनी तुझा खांदा दुखला नाही?"

श्यामकांत हसला.

"आणि वैद्यकाचा आधार कोणता?"

"आमच्या पाड्यात, शेजारच्याच गल्लीत, होमिओपॅथ आहेत. ते म्हणाले, जास्त वापरलं की झिजतं."

"त्यांनी गुरुदत्तला पाहिलं?"

"त्यांनी क्रिकेटच पाहिलं नाही." मग तो जरा ओशाळला. "काका, तुम्ही रागावून गेला का? पण चौदा आणि एकतीस तर तुमचेच आहेत. ते चूक आहेत का?"

चूक नव्हते, आणि हेच सदाशिवरावांना सलत होते. ट्राममध्ये बसून घरी येताना त्यांना वडिलांची पाठशाळा आठवली. धूर दिसला तर अग्नी आहे असे म्हणता येते. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला मधे ओले इंधन लागते. नैयायिक या लपून राहिलेल्या अटीला उपाधी म्हणतात, आणि जो उपाधी शोधत नाही त्याचे अनुमान फसते. आठ षटके झाली, धावा वाढल्या. मधले ओले इंधन कोणते?

वहीत ते नव्हते. त्यांनी दोन मोसमांची पाने चार वेळा चाळली.

"वहीत नसेल तर मैदानात असेल," हेमाताई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

"मैदानात मी असतोच."

"असता हो. पण बघता कुठे? या रविवारी वही मी लिहिते, तुम्ही मान वर करा."

सतरा वर्षे वह्यांच्या नकला उतरवून हेमाताईंना ती विद्या अवगत होतीच. रविवारी त्या मेजाशी बसल्या आणि सदाशिवराव सीमारेषेजवळ खुर्ची टाकून, प्रथमच, क्रिकेट पाहू लागले. प्रथम त्यांना फार गोंधळल्यासारखे झाले. माणसे इतकी धावत असतील अशी वहीवरून कल्पना येत नसे.

हळूहळू एक व्यवस्था त्यांच्या ध्यानात आली. या संघात क्षेत्ररक्षणाच्या जागा सेवाज्येष्ठतेने लागत. कनिष्ठ लिपिक सीमेवर धावत, वरिष्ठ लिपिक मैदानाच्या मधल्या भागात उभे राहत, उपसंचालक गलीत, आणि जिथे धावावे मुळीच लागत नाही अशी पहिली स्लिप संचालक लाहिडीसाहेबांची. अकरा वर्षे त्या जागेवर दुसरे कोणी उभे राहिले नव्हते. साहेब चोपन्न वर्षांचे होते. पहिला तासभर ते नीट वाकून उभे राहत. गुरुदत्तचे आठवे षटक संपण्याच्या सुमारास त्यांचे गुडघे सरळ होत, हात स्वेटरच्या खिशात जात, आणि ते यष्टिरक्षकाशी प्रलंबित फायलींविषयी बोलू लागत.

नवव्या षटकात बॅटीची कड घेऊन चेंडू साहेबांच्या कोपराजवळून गेला. साहेबांनी त्याच्याकडे वळून पाहिले, पण एकंदरीत हरकत घेतली नाही. अकराव्या षटकातला झेल त्यांच्या पोटावर आदळून खाली पडला. गलीतले उपसंचालक झेपावू शकले असते, परंतु वरिष्ठांच्या पुढून हात घालणे शिष्टाचारात बसत नव्हते. गुरुदत्त दर वेळी मान खाली घालून परत चालू लागे. त्याच्या चेंडूत काडीचा फरक पडलेला दिसत नव्हता.

पुढचे दोन रविवार हेमाताईंनीच वही लिहिली. तीन सामन्यांत, आठव्या षटकानंतर, पहिल्या स्लिपकडे सात झेल गेले आणि पाच सुटले. सदाशिवरावांनी वहीत नवा रकाना आखला: सुटलेले झेल, जागेसह. नाव लिहायचे धैर्य त्यांना झाले नाही.

निवड समिती शुक्रवारी कचेरी सुटल्यावर साहेबांच्याच खोलीत बसली. मेजावर ते साप्ताहिक होते, आणि स्कोअरर म्हणून सदाशिवरावांना वहीसह बोलावले होते.

"गुणी मुलगा आहे," साहेब खिन्नपणे म्हणाले. "पण खांदाच गेला तर काय करणार? आकडे बोलतात. आकडे तुमचेच ना, सदाशिवबाबू?"

दाराबाहेरच्या बाकावर गुरुदत्त बसलेला होता. सदाशिवरावांनी वही जवळ ओढली. सतरा वर्षांची नोकरी एका पोटावर आदळलेल्या झेलापुढे उभी होती. साध्या शब्दांत सांगण्याजोगी ती गोष्ट नव्हती. पण लाहिडीसाहेब नवद्वीपच्या नैयायिकांच्या घराण्यातले आहेत, हे त्यांना ऐन वेळी आठवले.

"आकडे माझे आहेत, साहेब. अनुमान माझं नाही. त्यात उपाधी आहे."

साहेबांनी चष्मा काढला. कचेरीत तो शब्द त्यांनी पूर्वी कधी ऐकला नसावा. "म्हणजे षटकं हा अग्नी, धावा हा धूर, आणि मधे ओलं इंधन?"

"होय, साहेब."

"सिद्ध करा."

सदाशिवरावांनी नवा रकाना पुढे सरकवला. उपसंचालक खिडकीबाहेर पाहू लागले. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"पहिली स्लिप. सात झेल, पाच सुटले." ते थांबले. "सदाशिवबाबू, हे ओलं इंधन म्हणजे मी."

"तसं सिद्ध झालेलं नाही, साहेब," सदाशिवराव म्हणाले, आणि हे ते भीतीने म्हणत नव्हते. "सातच झेल आहेत. सातांवरून काही ठरवणं योग्य नाही. या आकड्यांवरून त्याचा खांदा गेला असं ठरत नाही, एवढंच मला म्हणता येतं. धावा आपल्यामुळे वाढल्या, हे अजून म्हणता येत नाही."

"मग काय करावं?"

"आपण जागा सोडून पाहावी आणि मोजावं."

लाहिडीसाहेबांनी साप्ताहिक मिटून बाजूला सारले. "माझे आजोबा वादात हरले की प्रतिपक्षाला जेवू घालीत," ते अखेर म्हणाले. मग त्यांनी लघुलेखकाला बोलावून आदेश सांगितला: खेळाच्या पहिल्या तासानंतर पहिल्या स्लिपचा कार्यभार सर्वांत चपळ कनिष्ठ लिपिकाकडे सोपवण्यात येत आहे, मूळ पद संचालकांकडेच राहील. निवडीच्या यादीत गुरुदत्तचे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले.

फेब्रुवारीत प्रभारी स्लिपने चार सामन्यांत नऊपैकी सात झेल घेतले. श्यामकांतने लगोलग लेख लिहिला, की गोलंदाज मुळी थकतच नाहीत, थकतात ते क्षेत्ररक्षक, हा आता सिद्धांत आहे. सदाशिवराव पुन्हा कॉलेजच्या दाराशी गेले आणि या खेपेस त्याला धरूनच घरी घेऊन आले. हेमाताईंनी त्याच्यापुढे पोह्यांची बशी आणि शेजारी सतरा वह्या ठेवल्या.

"खा, आणि मोज," त्या म्हणाल्या.

शेवटच्या सामन्यात एकोणीस षटके टाकून गुरुदत्त तंबूत आला, तेव्हा त्याने चहाचा पेला डाव्या हाताने उचलला. सदाशिवरावांनी ते पाहिले. आता ते पाहत असत.

"दुखतो?"

"काका, कायम होईपर्यंत विचारू नका ना."

सदाशिवरावांनी वहीत आणखी एक रकाना आखला, वर 'खांदा' असे लिहिले आणि गुरुदत्तच्या नावापुढे आडवी रेघ ओढली.

"हे काय?"

"रेघ म्हणजे शून्य नव्हे. रेघ म्हणजे अजून विचारलेलं नाही. आमच्या खात्यात या भेदावर आयुष्यं गेली आहेत."

एक एप्रिलला गुरुदत्त कायम झाल्याचा कागद आणि संदेश मिठाईचा पुडा घेऊन आला. वाकून नमस्कार केला आणि कोणी विचारण्याच्या आतच म्हणाला, "बाराव्या षटकानंतर दुखतो, काका."

सदाशिवरावांनी वही उघडली, रेघ खोडली आणि तिथे बारा लिहिले.