सासरचं गाव निवडा

ऑफिसात दोन गोष्टी न बोलावता साठतात, धूळ आणि किस्से. धूळ झाडायला बाई येते. किस्से माझ्याकडे आहेत.

आमचं जळगावचं बाळंतपणाचं हॉस्पिटल. धुळ्याला देवपुरात त्याची शाखा. मी केसपेपरच्या खिडकीवर लागले तेव्हा शिक्षण सातवी. कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे म्हणाले, "अक्का, आता तुम्ही आराम करा." केला नाही! इंजिनिअर लोक फेकून देत ते कागद घरी नेले, डिक्शनरी घेऊन वाचून काढले. आज रिटायर होऊनही मलाच बोलावतात. उगाच नाही.

दर सोमवारी मशीनमधून एक यादी निघते, दिवस भरत आलेल्या बायकांची. ती घेऊन सिस्टर घरोघर जातात, बीपी बघतात, पाय बघतात. यादीत नाव नाही, तर दारात सिस्टर नाही. एवढं ध्यानात ठेवा.

*

यादीचा रिपोर्ट नव्याने करायला नाशिकचा निखिल आला. पोरगा हुशार, तोंडही गोड. मला म्हणाला, "आजी, याला डिपेंडंट पॅरामीटर म्हणतात. तुम्हाला सोपं करून सांगतो..."

"मी सांगते," म्हटलं. "आधी कपाट उघडायचं, मग त्यातला डबा, मग डब्यातली पुडी. जिल्हा निवडला की त्याचेच तालुके दिसणार. तालुका निवडला की त्याचीच गावं. गाव निवडलं की त्याच गावच्या बायका. आणि मी आजी नाही, अक्का!"

त्या दिवसापासून अक्का.

*

धुळ्याच्या शाखेचा कारभार नानांकडे. माणूस सोन्यासारखा, पण मशीनशी उभा दावा. पहिल्याच दिवशी फोन.

"अक्का, बठ्ठा गाव गायब शेतस!"

"सगळी गावं गायब? जिल्हा निवडला का, नाना?"

"जिल्हा कशाले? मी धुळामाच बठेल शे ना! त्याले इतलं समजत नही?"

*

मग कोरा कागद निघाला. नानांनी आधी जळगाव जिल्हा आणि यावल तालुका घेतला होता. नंतर जिल्हा बदलून धुळे केला, खाली यावल तसाच राहिला. आता धुळे जिल्ह्यात यावल कुठून असणार? यादी रिकामी!

मोठ्या डॉक्टरांनी फोन लावला. "नाना, अख्ख्या जिल्ह्यात एकही बाई गरोदर नाही?"

"असं कसं साहेब? पुढच्या महिन्यात मी स्वतः आजोबा होणार आहे!"

स्क्रीनवरचा वरचा चौकोन बदलला की खालचे आपोआप पुसायचे, हे निखिलला मीच सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं. लिहून घेणारा माणूस मला आवडतो.

*

पुढच्या आठवड्यात माझ्या खिडकीशी फैजपूरची एक बाई आली. घामाघूम.

"अक्का, शेजारणीच्या सुनेकडे सिस्टर येऊन गेली. आमच्या पोरीकडे का येत नाही? पहिलटकरीण आहे, पाय सुजलेत, डोकं दुखतं म्हणते."

फैजपूरची यादी पाहिली. पोरीचं नाव नाही.

"सासर कुठलं?"

"देवपूर. सासरे तुमच्याच धुळ्याच्या ऑफिसात असतात."

म्हणजे आपले नाना! नानांना फोन लावला. "नाना, देवपूरच्या यादीत सूनबाईच्या नावापुढे काय लिहिलंय?"

कागद चाळल्याचा आवाज. "घरी नाही."

"सही कुणाची?"

मग हळूच, "माझीच, अक्का."

निखिल मागून म्हणाला, "पण सिस्टम बरोबर आहे. त्यांचं गाव देवपूरच..."

"सिस्टम मग! आधी गाडी!"

शोभा सिस्टरला तशीच फैजपूरला पिटाळली. बीपी इतकं चढलेलं की तिने पोरीला गाडीत घालूनच आणलं. डॉक्टर म्हणाले, "अजून दोन दिवस गेले असते तर..."

पोरीला सलाईन लागलं, तेव्हा मी निखिलकडे वळले. "पहिलं बाळंतपण कुठे होतं रे?"

"हॉस्पिटलमध्ये."

"लाव तुझ्या आईला फोन!"

लावला. "आई, माझ्या वेळी तू कुठे होतीस?"

आईचा आवाज मला खिडकीपर्यंत ऐकू आला. "कुठे म्हणजे? चाळीसगावला, माझ्या माहेरी! सातव्या महिन्यापासून!"

निखिलने फोन खाली ठेवला. "अक्का, म्हणजे माझी आईसुद्धा यादीत सापडली नसती."

"आणि तूही," म्हटलं.

संध्याकाळपर्यंत त्याने नवा चौकोन केला. बाईमाणूस असेल तर सासरचं गाव निवडायचं, मग त्याखाली 'सध्याचा मुक्काम' उघडणार, आणि यादी मुक्कामावरून निघणार. त्या सोमवारी फैजपूरची यादी एका कागदात मावली नाही.

*

नानांना नात झाली. मायलेकी सुखरूप! नाना धुळ्याहून पेढे घेऊन आले, थेट खिडकीशी. नवी स्क्रीन म्हणून निखिल हौसेने स्वतः बसला होता. बाळाचा केसपेपर काढायला घेतला. वय, एक दिवस. स्त्री. आणि तिथेच अडला.

"अक्का, पुढे जातच नाही हो."

"काय मागतंय?"

निखिलच्या कपाळावर घाम. "सासरचं गाव निवडा म्हणतंय."

नानांनी पेढ्यांचा पुडा खिडकीत ठेवला, टोपी सारखी केली आणि दाराकडे वळले.

"थांब रे भाऊ, नवरदेव शोधीसन येस!"