शेजारच्या घरची तार

कास्मिर काका फोनवर कधी लांबण लावत नसत. "पोचलो. पार्किंग मिळालं. दूध आणतो." एवढं बोलून ठेवून देत. मॅग्डलीन काकू म्हणायच्या, "जहाजावर वायरलेस सांभाळला ना, अजून शब्द मोजतो. मला मागणी घालायला आला, तेव्हा चार शब्द बोलला होता."

"पाच," काका पेपरातून डोकं न काढता म्हणायचे.

कॅनडात टोरोंटोजवळच्या मिल्टनला त्यांच्या बेसमेंटमध्ये मी दोन वर्षं भाड्याने राहिले. वर ते दोघं आणि मुलगी डिम्पल, जी सकाळच्या ट्रेनने टोरोंटोला कामाला जायची. काका-काकू मूळचे वसईचे, एकाच आळीतले. घरांच्या भिंती लागून होत्या, त्यामुळे लहानपणापासूनचं अरे-तुरे लग्नानंतरही राहिलं.

काका बुडालेल्या जहाजातून वाचलेले आहेत, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं. पाहुणे आले की डिम्पल म्हणायची, "डॅड, टेल देम द बोट स्टोरी." काका सांगायचे, नेहमी त्याच क्रमाने. एकोणीसशे एकोणऐंशीचा जानेवारी. लोहखनिज भरलेलं जहाज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या पूर्वेला वादळात सापडलं, पुढच्या हॅचमधून, म्हणजे मालाच्या कोठीच्या तोंडातून, पाणी शिरलं. दोन लाइफबोटी उतरल्या. काकांच्या बोटीत अकरा जण. सात तासांनी एका पोलिश मासेमारी जहाजाने त्यांना वर ओढून घेतलं. त्या जहाजाचा वायरलेसवाला तापाने फणफणलेला होता, म्हणून काका ब्लँकेट गुंडाळून त्याच्या खुर्चीत बसले आणि सगळ्यांच्या घरी तारा पाठवल्या. "बोटं वाकत नव्हती. मनगटाने ठोकत होतो," ते म्हणायचे. गोष्ट इथे संपायची.

दुसऱ्या बोटीत कोण होतं, ते या गोष्टीत नसायचं. त्या बोटीत रॉयस्टन होता, काकूंचा मोठा भाऊ. त्याच जहाजावर इंजिनरूममध्ये ऑइलर, यंत्रांना तेल घालणारा. काकांनीच त्याला तिथे चिकटवून दिलं होतं.

रॉयस्टनची तार काकूंच्या प्रार्थनेच्या पुस्तकात होती. घडीवर फाटलेली, मागून टेप लावलेली. सेफ. डोन्ट वरी. रॉयस्टन. दुसऱ्या बोटीतलेही त्याच पोलिश जहाजावर पोचले असणार, असं घरच्यांनी धरलं. चार दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, की रॉयस्टन बेपत्ता आहे. त्याच्या आईने ते पत्र मानलं नाही. मेलेला माणूस तार करतो का, हा तिचा प्रश्न होता, आणि आळीत कोणाकडे त्याचं उत्तर नव्हतं. तो कुठल्या तरी बंदरात उतरला असेल, डोक्याला मार लागला असेल, येईल. तिने चर्चमध्ये त्याच्या नावाने मिस्सा, मेलेल्यांसाठीची प्रार्थना, होऊ दिली नाही. नोव्हेंबरमध्ये देवळात मेलेल्यांची नावं वाचतात, त्या यादीत त्याचं नाव घालू दिलं नाही. अकरा वर्षांनी ती गेली, तेव्हा सुट्टी काढून गावी गेलेल्या काकूंचा हात धरून तिने वचन घेतलं: तो येईपर्यंत त्याचं नाव मेलेल्यांत जाता कामा नये.

काकू त्याआधी दोन वर्षं कॅनडाला आल्या होत्या, त्याही काकांच्या नोकरीसाठी नव्हे. रॉयस्टन असलाच तर याच देशात असेल, असं त्यांना वाटत होतं. सुरुवातीची वर्षं कुठेही गेल्या की टेलिफोनची डिरेक्टरी बघायच्या. रेजिनाला नणंदेकडे गेल्या तेव्हा बघितली. लव्हालला एका लग्नात गेल्या तेव्हा त्याच आडनावाचा एक आर. सापडला. फोन लावला तर समोरचा माणूस फ्रेंचमध्ये बोलत राहिला आणि काकू ऐकत राहिल्या. "आवाज चांगला होता बिचाऱ्याचा," त्या मला म्हणाल्या.

दोन हजार आठच्या ऑगस्टमध्ये काकांची बायपास झाली. घरी आल्यापासून ते दिवसभर डायनिंग टेबलाशी बसायचे. ऑक्टोबरच्या एका शनिवारी दुपारी काकूंनी मला वर बोलावलं. देवळातून यादीचा कागद आला होता आणि संधिवातामुळे त्यांना पेन धरवत नव्हतं. त्या नावं सांगत होत्या, मी लिहीत होते. आई, वडील, सासू, सासरे, एक मावशी.

"झालं," काकू म्हणाल्या.

"रॉयस्टनचं लिही," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "गोळ्या घेतल्यास का सकाळच्या?"

"घेतल्या. लिही."

"कास्मिर, मी आईला शब्द दिलाय. त्याची तार आहे माझ्याकडे."

"ती तार मी पाठवली."

"माहीत आहे. सगळ्यांच्याच तू पाठवल्यास."

"तो त्या पोलिश जहाजावर नव्हताच, मॅगी."

मी उठू लागले. काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला, म्हणून बसले.

काका हळूहळू सांगत गेले. पोलिश जहाजावर अकरा तारा पाठवून झाल्या होत्या. तेवढ्यात दुसऱ्या एका जहाजाने कळवलं, की दुसरी बोट दिसली आहे, आत माणसं हलताहेत, अर्ध्या तासात पोचतो. किनाऱ्यावरचं स्टेशन विचारत होतं, आणखी काही आहे का. काकांची स्वतःच्या आईला तार गेली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर आपली आळी आली. तारवाला सायकल लावणार. एका दारात तार देणार आणि लागून असलेल्या दारासमोरून तसाच पुढे जाणार.

"तुझी आई दारातच उभी असणार, हे मला माहीत होतं," काका म्हणाले. "खात्री नाही ते पाठवायचं नाही, हा पहिला नियम. अर्ध्या तासाचा तर प्रश्न होता. मी त्याच्या नावाने पाठवून दिली. ते जहाज पोचलं, तेव्हा बोट पालथी झाली होती. एकही माणूस मिळाला नाही."

"मग दुसरी तार का नाही केलीस?"

"केली असती तर ती पहिली कोणाची, हे विचारलं असतं सगळ्यांनी."

"आईने विचारलं होतं तुला. तू गावी आलास तेव्हा. माझ्यादेखत विचारलं, तू त्याला पाहिलंस ना."

"हो."

"तू म्हणालास, गर्दी होती."

बाहेर शेजारी पानं गोळा करत होता, त्याच्या दाताळ्याचा आवाज येत होता.

"अकरा वर्षं माझी आई दार लावून जेवली नाही," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आणि मी तुझ्याबरोबर या देशात आले. गाडी तू चालवायचास. फोन बूथपाशी थांबायचास. मी नावं शोधायचे, तू गाडीत बसून राहायचास."

"हो."

"लव्हालला तर फोनला नाणीही तूच दिलीस."

काकांचा हात छातीवरच्या टाक्यांकडे गेला. काकूंनी ते पाहिलं आणि पाण्याचा ग्लास त्यांच्यासमोर सरकवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिही. रॉयस्टन."

मी लिहिलं. शाई सुकेपर्यंत त्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात तो तीस वर्षं कोरड्या कपड्यांत होता, त्या जहाजावर कोणीतरी त्याला गरम काहीतरी प्यायला दिलं होतं. आता त्यांना त्याला तिथून काढून पाण्यात ठेवायचं होतं.

"किती वेळ होता तो पाण्यात?" त्यांनी विचारलं.

काकांनी तोंड उघडलं. चटकन गेला, असं म्हणता आलं असतं. मला वाटलं, तेच म्हणतील. कोणीही तेच म्हटलं असतं.

"मला माहीत नाही, मॅगी," ते म्हणाले.

काकूंनी मान हलवली. खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला, कागद खिशात घातला आणि देवळाकडे एकट्याच चालत गेल्या. देऊळ तीन किलोमीटरवर होतं. काका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. गाडीची किल्ली त्यांच्या हातात होती.