कॉम्प्युटर, टेबलफॅन आणि वर्षाचं तिखट

इरा आणि निनाद, आमच्या कॉम्प्युटरला शिंका येत नाहीत, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करते. त्या शुक्रवारी त्याच्याखेरीज घरातल्या आणि गल्लीतल्या सगळ्यांना आल्या.

"आजी, त्या दिवशी नक्की झालं काय?" असं तुम्ही दर फोनला विचारता, म्हणून आता सगळं क्रमाने लिहिते. (क्रम सोडून मला काही जमत नाही. स्वयंपाकघरातल्या माझ्या मसाल्याच्या बरण्यासुद्धा इंग्रजी वर्णमालेप्रमाणे लावलेल्या आहेत. हिंग म्हणजे इंग्रजीत ॲसाफेटिडा, म्हणून तो 'ए' मध्ये येतो, हे तुमच्या आजोबांना अजून पटलेलं नाही.)

झालं असं, की एके सकाळी कॉम्प्युटरच्या पडद्यावर निरोप आला: तुमची ऑपरेटिंग सिस्टीम आता जुनी झाली, नवीन तयार आहे, घेता का? मला इतका आनंद झाला की हातातला चहा थंड झाला. या वयात आपल्याला कोणी 'नवीन व्हा' म्हणतं का? डॉक्टर म्हणत नाहीत, नातेवाईक म्हणत नाहीत. आणि इथे यंत्र आपणहून म्हणत होतं.

मी धावतच घरापुढच्या ओट्यावर गेले. आजोबा तिथे आमच्या कोरीट गावच्या शेतातून आलेल्या मिरच्यांचे देठ खुडत बसले होते.

"अहो, कॉम्प्युटरला नवीन सिस्टीम घालायची का?"

"जुनी चालू शे ना?" आजोबा मान वर न करता त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "मंग कसाले हात लावस?"

"जुन्या सिस्टीमची काळजी यापुढे कंपनी घेणार नाही."

"मन्ही बी कोनी घेत नही. मी चाली ऱ्हायनू ना?"

"तुमची मी घेते."

"तेच त सांगी ऱ्हायनू," आजोबा म्हणाले आणि पुढची मिरची उचलली.

चाळीस मुलांच्या वर्गाला इंग्रजी व्याकरण शिकवलेली बाई मी. अशा उत्तराने हार मानणारी नव्हे. मी शेजारच्या सलमाभाभींना पंच नेमलं. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मिरचीचा व्यापार, त्यामुळे कुठल्याही सौद्यात त्या आधी माल बघतात.

"नवीन में फायदा क्या है, मॅडम?" त्यांनी विचारलं.

माझी तयारी कच्ची होती. मी म्हणाले, "सुरक्षित असते. शिवाय खालची बटणं डावीकडून मधोमध येतात."

"बटनां सरकाने के वास्ते इतना सब?"

आजोबा इतके खूश झाले की त्यांनी भाभींना ओंजळभर मिरच्या भेट दिल्या. (मिरचीच्या व्यापाऱ्याच्या घरी!)

निर्णय असाच लोंबकळत राहिला असता. पण इरा, मग तुझा फोन आला. शुक्रवारी तुझ्या वर्गात 'माझी आजी' या विषयावर तुझं भाषण होतं. ते संपलं की तू मला कॉम्प्युटरवर बोलावणार होतीस आणि तुझ्या वर्गातली सगळी मुलं आजीला प्रत्यक्ष पाहणार होती. तुमची सकाळ, आमची संध्याकाळ. "आजी, तू दिसायलाच हवीस हं. मी सगळ्यांना सांगितलंय," असं तू म्हणालीस आणि माझं ठरलं. कॅनडातल्या अख्ख्या वर्गासमोर जाताना माझ्या पाठीमागे जुनीपुराणी सिस्टीम? शक्य नाही.

दुकानातल्या तंत्रज्ञाला फोन केला. तो म्हणाला, "होईल, काकू. पण मध्येच वीज बंद होता कामा नये. आणि तुमचं मशीन तापतं, त्याला पंखा लावा."

शुक्रवारी दुपारी जेवणं उरकली आणि मी बटण दाबलं. निळा पडदा, त्यावर गोल गोल फिरणारे ठिपके आणि खाली टक्के. कॉम्प्युटरच्या डब्यासमोर टेबलफॅन ठेवून एक नंबरवर लावला. आजोबांना समोर उभं करून बजावलं, "आज या घरात कोणी कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही."

"मी बटनले हात लावत नही," आजोबा म्हणाले. "मी चक्कीवर जाई ऱ्हायनू." आणि ते मिरच्यांची पिशवी घेऊन गेले.

आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. तिखट दळून येतं तेव्हा चांगलंच गरम असतं. तसंच बरणीत भरलं तर त्याचा रंग जातो. म्हणून ते परातीत पसरून आधी निववायचं. एरवी आजोबा परात ओसरीत ठेवतात. पण त्या दिवशी परतल्यावर त्यांना दिसलं की कॉम्प्युटरच्या खोलीत एक अख्खा पंखा निव्वळ एका लोखंडी डब्यासाठी फिरतो आहे. शेतकरी माणूस. वाया जाणारं पाणी आणि वाया जाणारा वारा त्यांना बघवत नाही. त्यांनी पंखा आणि कॉम्प्युटर यांच्या मधल्या स्टुलावर परात ठेवली, वर जाड फडकं झाकलं आणि हातपाय धुवायला गेले. बटणाला हात लावला नाही.

मी सलमाभाभींना घेऊन खोलीत आले तेव्हा पडद्यावर बासष्ट टक्के झाले होते. मला पहिलीच्या मुलाइतकं उचंबळून आलं होतं. माझी नजर त्या आकड्यावरून हलेना. हातांना मात्र वळण लागलेलं. झाकलेली परात दिसली. वाफ धरली तर तिखटाच्या गुठळ्या होतील, म्हणून फडकं काढलं. व्यवस्थित घडी घातली. मग डब्याला हात लावून पाहिला. तापला होता. पंखा एकवरून तीनवर केला.

दोन्ही कामं आपापल्या जागी अगदी बरोबर होती.

पुढे काय झालं ते मी पाहिलं असं म्हणता येणार नाही, कारण डोळे उघडे राहिले नाहीत. लाल रंगाचा एक ढग उठला एवढं आठवतं. सलमाभाभी "या अल्ला" म्हणाल्या आणि उरलेलं वाक्य शिंकल्या. मी त्यांचा हात धरला की त्यांनी माझा, कोण जाणे, पण आम्ही दोघी ओट्यावरून थेट गल्लीत पोचलो. आमच्या मागोमाग तिखटही आलं. समोरच्या घरात खोकला सुरू झाला. एक सायकलवाला उतरला, शिंकला, पुन्हा बसला, पुन्हा उतरला.

"मॅडम," भाभी पदराने नाक पुसत म्हणाल्या, "हमारे गोदाम में भी इतनी मिरची उडती नहीं!"

सगळ्यात शेवटी आजोबा बाहेर आले. तोंडाला ओला टॉवेल, चालण्यात घाई नाही, चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचं समाधान. ते पाहूनच मला शंका आली.

"अहो, तुम्ही आत काय करत होतात?"

"मेन स्विच बंद करी ऊनू."

मी ओट्याच्या पायरीवर बसले.

"घर सोडताना शेवटला मानूसनी मेन बंद करानं," आजोबा म्हणाले. "नियम कोना शे, मास्तरीणबाई?"

नियम माझा होता. तुमचे बाबा शाळेत असताना एकदा इस्त्री चालू राहिली होती, तेव्हापासूनचा. आजोबांनी तो इतक्या वर्षांत एकदाही मोडलेला नाही. नेमका आजही नाही.

"इन्व्हर्टर तरी चालू असेल ना?" मी शेवटची आशा धरून विचारलं.

"तो बी बंद करा. आरधं काम मी करत नही."

खिडक्या उघडून, ओली फडकी फिरवून आम्ही आत जाऊ शकलो तोवर तुझ्या भाषणाची वेळ जवळ आली होती. वीज सुरू केली. पडद्यावर आलं: केलेले बदल मागे घेत आहोत. पुन्हा ठिपके, पुन्हा टक्के, आणि तेसुद्धा कासवाच्या चालीने. डब्याच्या जाळीत लाल थर. माझा मोबाईल त्याच टेबलावर, इतका माखलेला की कानाला लावणं म्हणजे शिक्षा.

"तुन्ही बरण्यासना हिसाबमा समदं जागावर शे," आजोबा डब्याकडे बघत म्हणाले. "तिखट 'सी' मा, कॉम्प्युटर बी 'सी' मा."

मला तू दिसत होतीस, वर्गासमोर उभी, आणि तुझ्या मागे आजीऐवजी रिकामा पडदा.

सलमाभाभींनी मला खांद्याला धरून उठवलं. "चलो मॅडम, मेरे मोबाईल पे लगाते. रो मत."

"मी रडत नाही. तिखट आहे."

"हां हां. तिखट."

त्यांनी तुझ्या बाबांना फोन लावला, बाबांनी तिकडे तुझ्या वर्गाशी जोडून दिलं आणि आम्ही सगळे ओट्यावर त्या तळहाताएवढ्या पडद्यासमोर दाटीवाटीने बसलो. तुझ्या वर्गाला काय दिसलं, ते तूच मला नंतर सांगितलंस: लाल नाकाची आणि सुजलेल्या डोळ्यांची आजी, तोंडाला टॉवेल बांधलेले दरोडेखोर आजोबा, आणि कडेला एकसारखी शिंकणारी एक बाई.

तू इंग्रजीत म्हणालीस, "ही माझी आजी. माझ्या ओळखीतली सगळ्यात व्यवस्थित व्यक्ती."

आजोबांना तेवढ्यात ठसका लागला.

मग तू वर्गाकडे वळून, एकेक शब्द जपून उचलत म्हणालीस, "मन्ही आजी नंदुरबारनी शे." आजोबांनी हे तुला फोनवर कधी शिकवलं, मला पत्ताच नव्हता. ते टॉवेलच्या आतून हसत होते. तुझ्या बाईंनी काळजीने विचारलं, "तुझी आजी रडते आहे का?" तू म्हणालीस, "हो, तिला भाषण आवडलं." सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. माझ्या डोळ्यांतलं किती पाणी मिरचीचं होतं, याचा हिशेब मी त्या दिवसापासून करते आहे. जुळत नाही.

कॉम्प्युटर रात्रीपर्यंत पूर्ववत झाला. जुनीच सिस्टीम, बटणं डावीकडेच. हा मजकूर मी त्याच्यावरच लिहिते आहे. दुपारी तापला की तो अजून थोडंसं तिखट बाहेर फेकतो आणि माझे डोळे भरून येतात. "नातवंडासनी याद येस तिले," असं आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि लोक मला फार मायाळू समजू लागले आहेत.

रोज सकाळी पडद्यावर तो निरोप येतो: आता, की नंतर? गृहपाठ 'नंतर' देणाऱ्या मुलांना मी उभं आयुष्य बाकावर उभं केलं. आता रोज बाकावर उभं राहायची पाळी माझी. मी इकडेतिकडे बघते, आजोबा बघत नाहीत ना याची खात्री करते, आणि 'नंतर' दाबते.