रोझरीच्या मण्यांनी मोजलेले रस्ते

असे किस्से जमवावे लागत नाहीत. पाय चालते असले की तेच गोळा करून आणतात!

तर वसईजवळच्या उमेळ्यात एक आजी राहायची, तिचा मुलगा रेमंड आणि सून लीना. आजी म्हणजे मीच. भावकीने वाडी बिल्डरला दिली, आणि ईस्टरच्या आत आम्हाला दुसरं घर शोधायचं होतं. माझी अट एकच: बाजार, चर्च, डॉक्टर माझे मला चालत गाठता आले पाहिजेत. नाहीतर सातव्या मजल्यावर मी वाळत घातलेल्या बोंबलासारखी टांगलेली!

शाळा मी पाहिली नाही. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन जायचे, तेव्हा अंतर रोझरीच्या जपमाळेवर मोजायचे. एक नमो मरिया म्हटली, की एक मणी. रेमंडचा फोन नुसती मिनिटं सांगतो. माझी माळ रस्ता कसा आहे तेही सांगते.

*

पहिलं घर आचोळ्यात. एजंट म्हणाला, "आजी, स्टेशन पाच मिनिटांवर!"

"चल, तू पुढे, मी मागे."

अख्खी माळ संपली, तरी स्टेशन येईना. एजंट घामाघूम! म्हणतो, "रिक्षा करू या का?"

त्यात फूटपाथवर मागून बाईक आली आणि मलाच हॉर्न! मी म्हटलं, "मेल्या, हा फूटपाथ आहे!"

"मग आज्जी, खाली रस्त्यावरून चाला ना!"

*

विरारला नवी वसाहत. फूटपाथ असा गुळगुळीत, की त्यावर पापड लाटावेत. शंभर मणी झाले, पण ना भाजीवाली, ना बेकरी, ना चालणारं माणूस. वॉचमन धावत आला. "आजी, हरवलात का?"

"मी नाही रे, तुमचा बाजार हरवलाय!"

*

अर्नाळ्याला मन रमलं. मासळी वाळवणाऱ्या बाईने हाक मारली, "म्हातारे, बस की! पानी पी." बसले ती तासभर. लीना म्हणाली, "आई, इथून रेमंडला ऑफिस?" रेमंडने फोनमध्ये मिनिटं बघितली, आणि आम्ही उठलो.

*

मग वसई रोडला, गल्लीतली जुनी बिल्डिंग. पहिला मजला. रेमंड म्हणाला, "आज मी मोजतो." आणि भराभर नमो मरिया पुटपुटत माळ घेऊन सुटला. चर्चपर्यंत नव्वद मणी!

लीना म्हणाली, "लग्नात फादरांनी विचारलं, तेव्हाही असाच घाईघाईने हो म्हणालेलास!"

माळ मी घेतली. पाचव्या मण्याला बेकरीवाला म्हणाला, "उमेळ्याची भाजीवाली ना तू?" अकराव्याला डॉक्टरांची बायको गॅलरीतून, "गुडघा कसा आहे?" चर्चच्या दाराशी एकीने हात धरला तो सोडेचना.

लीना म्हणाली, "आई, मोजायचं राहिलं की!"

"राहू दे. हेच घर घ्या."

*

ईस्टरला नव्या घरात पहिला पाव भाजला. आता सकाळी मी एकटी बाजारात जाते, संध्याकाळी चर्चला, आणि मला शोधायला कोणी येत नाही.

फोनच्या मिनिटांवर जगणाऱ्या रेमंडने परवा ऑफिसच्या साहेबांना जेवायला बोलावलं. साहेबांनी फोनवर विचारलं, "स्टेशनपासून किती लांब?"

रेमंड एकदम ठसक्यात म्हणाला, "चाळीस मणी, साहेब. पण लोक भेटले तर साठ धरा!"