नळाला चार, बोअरला एक

सोनपेठकडच्या एका गावाला पुण्याच्या एका कन्सल्टन्सीने फसवलं. सर्व्हे माझा होता, आकडे खरे होते, तरीही फसवलं.

परभणीत माझी सर्व्हे एजन्सी आहे. बारावीनंतर सायकलवर गावोगाव फॉर्म भरत फिरलो, त्यातून ती उभी राहिली. संख्याशास्त्र मी कॉलेजात नाही, जुन्या बाजारात घेतलेल्या गाइडातून शिकलो.

काम साधं होतं. एक मोठी कंपनी पाणी शुद्ध करायचं एक मशीन देणार होती. गावं दोन: एक सोनपेठकडचं, एक पाथरीकडचं. गरज कुठे जास्त, ते कन्सल्टन्सी ठरवणार आणि घरोघरची माहिती आम्ही आणणार.

पाथरीकडच्या गावात नळ होते, थोड्या विहिरी होत्या. सोनपेठकडच्या गावात बोअर. त्या बोअरचं पाणी इतकं खारट की चहात दूध घातलं की चहा फुटायचा. मुतखड्याचं ऑपरेशन झालेला माणूस जवळजवळ प्रत्येक गल्लीत होता. शेवंताबाईंच्या मालकांचं तर दोनदा झालेलं. आमच्या एजन्सीच्या पोरी फॉर्म भरायला त्यांच्याच ओसरीवर बसायच्या.

आता थोडं धंद्याचं सांगतो. घरागणिक जी गोष्ट बदलते तिला व्हेरिएबल म्हणतात, मराठीत चल. घरात माणसं किती, हा मोजायचा चल. चार असतील किंवा पाच, साडेचार नसतात. पाण्यापर्यंतचं अंतर हाही आकडाच, पण तो सलग असतो, मीटरच्या मध्येही कुठेही थांबतो. पाण्याची चव गोड, मचूळ की खारट, यात आकडा नाही पण क्रम आहे. मचूळपेक्षा खारट वाईट, हे कोणीही सांगेल. आणि पाणी कुठून आणता, याला आकडाही नाही आणि क्रमही नाही. बोअर, नळ, विहीर ही नुसती नावं. कॉम्प्युटरच्या सोयीसाठी नावांना नंबर देतात, त्याला कोड म्हणतात. कोड म्हणजे किंमत नव्हे.

फॉर्म पुण्याहून आला तेव्हा मी भांडलो. साठ प्रश्न होते, बाया रानात जायच्या घाईत असतात, एवढं कोण सांगत बसणार? घासाघीस करून चाळीसवर आणले आणि जिंकल्यासारखा घरी आलो. पाण्याच्या प्रश्नाखाली पर्याय इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावले होते: बोअरवेल एक, हँडपंप दोन, टँकर तीन, टॅप म्हणजे नळ चार, वेल म्हणजे विहीर पाच. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. नुसती नावंच तर होती.

दोन महिन्यांनी कळलं, मशीन पाथरीकडे गेलं.

मी हिशोबाचं शीट मागवलं. तीनदा मागितल्यावर आलं. त्यात पाण्याच्या कोडची सरासरी काढली होती. आकडा मोठा तेवढी गरज मोठी, असं धरलेलं. नळ-विहिरीचं गाव चारच्या थोडं वर. बोअरचं गाव जेमतेम एकाच्या वर, म्हणजे सगळ्यात सुखी. चवीचा कॉलम कुठेच नव्हता.

मी कन्सल्टन्सीतल्या अनिकेत सरांना फोन लावला. फॉर्म त्यांच्याच टीमने केला होता. वयाने माझ्या पोराएवढे, पण सर म्हणावं लागतं.

"सर, समजा परभणीच्या स्टँडवर दोन नंबरच्या फलाटाला पाथरीची गाडी लागते, सहाला सोनपेठची. सरासरी आली चार. चार नंबरवरून मी कोणत्या गावाला जाऊ?"

"तुम्ही फील्ड बघा. ॲनालिसिस आमचं काम आहे."

"मग चवीचा कॉलम कुठे गेला?"

"तो टेक्स्ट आहे. टेक्स्टची सरासरी निघत नाही."

नावांची निघाली, चवीची निघेना. मी म्हटलं, सरासरी नको, खारट सांगणारी घरं तरी मोजा. किती घरं खारट म्हणतात हे मोजायला कोणतं सॉफ्टवेअर लागतं? नंतर माझा आवाज चढला. जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी फोन ठेवला. आठ दिवसांनी मेल आला: निर्णय डेटावर आधारित आहे, बदलता येणार नाही, फील्डच्या माहितीत त्रुटी असल्यास ती एजन्सीची जबाबदारी.

गावात तोंड दाखवायला मीच गेलो. शेवंताबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. बोअरला एक नंबर दिल्याचा सगळा घोळ मी सांगितला, तशा शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, आमचा चहा तोंडाला लावला आन् तोंड वाकडं केलं व्हतं तुमी. ते लिवलं न्हाई का कागदावर?"

"लिहिलं होतं, मावशी."

"मंग वाचलं कुनी न्हाई. मालकाला परत दुखायलंय. दवाखान्यात इचारतेत, पानी कोन्तं पिता. काय सांगू, एक नंबरचं?"



पाथरीकडे मशीन बसलं. ते लोक चांगले आहेत, त्यांचा दोष नाही. सोनपेठकडे मशीन आता कधी, असं मी कंपनीला विचारलं. यादी संपली, म्हणाले.

मी एवढंच शिकलो की प्रश्न किती आहेत यावर भांडण्याआधी उत्तरांना दिलेल्या नंबरांचं पुढे काय करणार, ते लेखी घ्यावं. माझी चूक मी मान्य करतो. पण भरलेल्या प्रत्येक फॉर्मवर माझ्या पोरींची सही आहे, खाली माझी आहे. त्या सरासरीच्या शीटवर एकही सही नाही. ती कोणी काढली, कोणी तपासली, कोणी पास केली? मला नाव पाहिजे. आणि त्या माणसाने सोनपेठकडच्या त्या गावात येऊन शेवंताबाईंसमोर सांगावं की त्यांच्या पाण्याला एक नंबर त्याने कशाच्या आधारावर दिला.