धरलेली कंबर आणि पोंगलचं कोलम

बाळांनो, तुमच्या पिलाटेससारखेच व्यायाम मला मद्रासला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शिकवले होते. बाळंतपणानंतर माझी कंबर अशी धरली, की रोज सकाळी दारात पिठाचं कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढायला वाकताच येईना. समोरच्या मामी मुद्दाम विचारत, “दारात कोलम नाही? घरात सुतक आहे का?”

मग मी दुपारी चटईवर उताणी पडून, पोट आत ओढून, कंबर सावकाश उचलू लागले. सासूबाई म्हणत, “नवीनच औषध दिसतंय, लोळण्याचं!”

पोंगलच्या पहाटे मी एकदाही न बसता, कमरेतून वाकून, आमच्या पायरीपासून थेट मामींच्या फाटकापर्यंत कोलम काढलं. मामी बाहेर येताच सासूबाई ओरडल्या, “मामी, जपून पाऊल टाका! आमच्या सुनेनं लोळून लोळून कमावलंय ते!”