लेकीचं माप

आमच्या शिवणखोलीत आम्ही चौघी, चौघीही तुरुंगातून सुटलेल्या. गल्लीतल्या बाया आम्हाला बघून पोरांना जवळ ओढतात, अन् अंधार पडला की त्यांचेच उसवलेले कपडे मागच्या दाराने येतात. मेल्या ढोंगी!

मास्तरीण आमच्यात थोरली. नवरा रोज मारायचा. एकदा त्याने पोरीवर हात टाकला, तशी हिने हातातली इस्त्री त्याच्या डोक्यात घातली. तो मेला, ही आत गेली. आतच तिने आम्हाला कपडा बेतायला शिकवलं, म्हणून ती मास्तरीण. पोर मावशीने वाढवली. मागे मावशीचा निरोप आला: पोरीचं लग्न ठरलंय, सासरी आई वारली असं सांगितलंय, तोंड दाखवू नकोस. मास्तरणीने ऐकून घेतलं आणि मशीन चालवत राहिली.

आणि परवा तीच पोर आमच्या दारात! सोबत होणारी सासू. ऐनवेळी त्यांच्या शिंप्याने हात वर केले होते, कुणीतरी आमचा पत्ता दिला. पोरीला मी मास्तरणीजवळच्या फोटोवरून ओळखलं. आईला बघून ती पांढरीफटक पडली.

सासूने नाकाला रुमाल लावला. "तुमच्यातल्या एकीने नवऱ्याला मारलंय म्हणे. कोण ती? तिचा हात माझ्या सुनेला लागायला नको."

मास्तरणीने तोंड उघडलं. ही बया आता खरं बोलणार आणि पोरीचं लग्न मोडणार! मी आपली साधी चोर. पण तिच्याआधी मीच ओरडले, "मी मारलंय! काय म्हणणं आहे?"

"तू आधी बाहेर हो!"

झाले बाहेर. दारातून सगळं दिसत होतं. मास्तरीण टेप घेऊन पुढे झाली. खांदा, पाठ, कंबर. एकेक माप बाई दोनदोनदा घेत होती. इतक्या वर्षांनी लेकीला हात लावायला मिळाला होता तिला. मला रडूच कोसळलं. पोरगी मात्र भिंतीकडे बघत ताठ उभी.

"तुम्ही बऱ्या घरच्या दिसता," सासू मास्तरणीला म्हणाली. "असल्या बायकांत कशा काय?"

"या माझ्याच आहेत."

सासूने नाक मुरडलं. "कपडे कुणा माणसाकडून पाठवा. ती खुनी आमच्या दारात दिसता कामा नये."

"नुसती तीच नाही," पोरगी पहिल्यांदा बोलली. "यांच्यातली कुणीच नको."

मास्तरणीने टेप गुंडाळली आणि पोटच्या पोरीला म्हणाली, "बरं, ताई."